खिशातला कॅमेरा निवडताना: दगा न देणारा कॉम्पॅक्ट कसा ओळखावा

कॉम्पॅक्ट कॅमेरा बंद पडतो तो बहुतेक वेळा एकाच जागी: चालू केल्यावर पुढे येणाऱ्या लेन्सच्या नळीत. सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) वर्षानुवर्षं टिकतो, आतला प्रोसेसर क्वचित जातो, स्क्रीनही सहसा निभावून नेतो. पण एकात एक बसलेल्या दोन-तीन नळ्या, त्यांना सरकवणारे प्लॅस्टिकचे बारीक दाते, शेंगदाण्याएवढी मोटर आणि दर वेळी दुमडून पुन्हा उलगडणारी कागदासारखी चपटी केबल, हे सगळं कॅमेरा चालू-बंद करताना प्रत्येक वेळी हलतं. वाळूचा एखादा कण किंवा टेबलावरून एकदा पडणं एवढंही त्याला पुरतं. म्हणून भरवशाचा कॅमेरा शोधताना आधी लेन्सची यंत्रणा बघावी, मग बॅटरी, आणि त्यानंतर चित्राचा दर्जा. खोक्यावर छापलेला क्रम नेमका याच्या उलट असतो आणि हौशी माणूस तिथेच फसतो.

मोबाईल असताना कॅमेरा कशासाठी?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण अर्धे पर्याय इथेच गळतात. चांगल्या मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर आता साध्या कॉम्पॅक्टच्या सेन्सरपेक्षा मोठा असतो, शिवाय मोबाईल एका दाबात अनेक फ्रेम टिपून त्या एकत्र करतो. त्यामुळे छोट्या सेन्सरचा, चार-पाच पट झूमचा साधा कॉम्पॅक्ट मोबाईलपेक्षा सरस फोटो देईल ही आशा सोडून द्यावी.

वेगळा कॅमेरा बाळगण्याला अर्थ आहे तो चार कारणांसाठी. दूरचं जवळ आणणारा खरा ऑप्टिकल झूम हवा असेल. कमी उजेडात मोठ्या सेन्सरचं आणि तेज, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणाऱ्या लेन्सचं काम असेल. पाणी, चिखल, आदळआपट यांतून न्यायचा असेल. किंवा अर्धं दाबता येणारं शटर बटण, फिरवायच्या चकत्या आणि खरा फ्लॅश हाताशी हवा असेल. यातलं एक मुख्य कारण कागदावर लिहा आणि दुसरं त्याच्या खाली. चारही गोष्टी एका खिशात मावत नाहीत. मोठ्या सेन्सरला मोठं भिंग लागतं, मोठ्या झूमला लांब नळी लागते आणि लांब नळी पाण्यापासून बंदिस्त करणं अवघड असतं. जो कॅमेरा सगळंच करतो असं सांगितलं जातं, त्याने यातल्या कशावर तरी पाणी सोडलेलं असतं. नेमकं कशावर, ते खरेदीच्या आधी कळलेलं बरं.

सेन्सर किती मोठा

सेन्सरचे आकार इंचात सांगतात ते शब्दशः घेऊ नका. ही मापं जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आली आहेत. ‘एक इंच’ सेन्सरचा कर्ण प्रत्यक्षात १५.९ मिमी असतो, २५.४ मिमी नव्हे. म्हणून तुलना नेहमी मिलिमीटरमध्ये करावी:

१/२.३ इंच: साधारण ६.२ × ४.६ मिमी, क्षेत्रफळ २८ चौ. मिमी
१/१.७ इंच: साधारण ७.६ × ५.७ मिमी, ४३ चौ. मिमी
एक इंच: १३.२ × ८.८ मिमी, ११६ चौ. मिमी
फोर थर्ड्स: १७.३ × १३ मिमी, २२५ चौ. मिमी
एपीएस-सी: साधारण २३.५ × १५.६ मिमी, ३६७ चौ. मिमी

पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत चौपटीचा फरक आहे. लेन्स तेवढीच उघडी आणि शटरचा वेग तोच असताना मोठा सेन्सर एकूण चौपट प्रकाश गोळा करतो, म्हणजे जिथे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० वर लहान सेन्सर चिरडलेलं, रवाळ चित्र देतो तिथे मोठ्याचं चित्र साधारण लहान सेन्सरच्या ४०० वरच्या चित्राइतकं स्वच्छ येतं. २०१२ साली आलेल्या सोनी आरएक्स१०० ने हा एक इंची सेन्सर शर्टाच्या खिशात आणून बसवला आणि हौशी कॉम्पॅक्टचा दर्जा तिथून बदलला. त्यानंतर कॅननची जी७ एक्स मालिका याच आकारावर बेतली गेली. पॅनासोनिक एलएक्स१०० मध्ये फोर थर्ड्स, तर रिको जीआर आणि फुजीफिल्म एक्स१०० मालिकांत एपीएस-सी सेन्सर आहे. शेवटच्या दोघांना झूमच नाही, ही त्या मोठ्या सेन्सरची किंमत.

मेगापिक्सेलचा विषय दोन वाक्यांत संपतो. ए४ कागदावर ३०० डीपीआयने छापायला ८.७ मेगापिक्सेल पुरतात आणि ४ × ६ इंची प्रिंटला जेमतेम २.२ लागतात, तेव्हा आज विकला जाणारा कुठलाही कॅमेरा यात कमी पडत नाही.

लेन्सवरचे आकडे वाचायला शिका

लेन्सच्या कडेला किंवा माहितीपत्रात दोन जोड्या असतात: केंद्रांतर (लेन्स किती दूरचं जवळ आणते ते) आणि एफ-आकडा (लेन्स किती उघडते ते; आकडा लहान तितकी ती जास्त उघडी). केंद्रांतर ३५ मिमी फिल्मच्या तुलनेत दिलेलं आहे ना, ते बघा. नळीवर कोरलेला खरा आकडा बराच लहान असतो आणि त्याने गोंधळ होतो. एक इंची सेन्सरसाठी खऱ्या आकड्याला २.७ ने, १/२.३ इंचासाठी ५.६ ने, एपीएस-सीसाठी १.५ ने गुणलं की तुलनेचं केंद्रांतर मिळतं. २४ मिमीमध्ये अरुंद खोलीतही सगळे जण बसतात, ३५ मिमी रस्त्यावरच्या फोटोंना सोयीचं, ८५ च्या आसपास चेहरा नैसर्गिक दिसतो आणि पक्ष्यांसाठी ४०० सुद्धा तोकडं पडतं.

‘३० पट झूम’ हे फक्त लांब टोकाला आखूड टोकाने भागून आलेलं उत्तर आहे. ते किती दूर पोचेल हे त्यातून कळत नाही. २४ पासून सुरू होणारा ५ पट झूम १२० वर थांबतो, ३५ पासून सुरू होणारा १७५ वर. डिजिटल झूम तर हिशेबात धरूच नका. तो फोटो कापून मोठा करतो, आणि ते काम घरी संगणकावर जास्त नीट होतं.

एफ-आकड्याच्या जोडीतला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. एफ/१.८-२.८ याचा अर्थ पूर्ण झूम केल्यावरही लेन्स एफ/२.८ इतकी उघडते. मोठ्या झूमच्या साध्या कॅमेऱ्यांत ही जोडी एफ/३.३-६.९ अशी असते. एफ/२.८ आणि एफ/६.९ मध्ये प्रकाशाचा सहापट फरक आहे: जिथे पहिली लेन्स १/२५० सेकंदात फोटो काढेल तिथे दुसरीला १/४० लागेल आणि हललेला हात किंवा धावतं मूल पुसट येईल. दुसरी अडचण सहसा कोणी सांगत नाही. एफ/६.९ वर विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, प्रकाशाचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर साधारण ९ मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो, आणि २० मेगापिक्सेलच्या १/२.३ इंची सेन्सरवर एक पिक्सेल जेमतेम १.२ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एक बिंदू सात पिक्सेलांच्या रुंदीवर पसरला. अशा कॅमेऱ्याचा झूम शेवटपर्यंत ताणला की चित्र मऊ येतं, त्यात तुमच्या हाताचा दोष नसतो.

स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये पात्यांनी लहान-मोठं होणारं छिद्र, म्हणजे खरं अ‍ॅपर्चर नसतंच. प्रकाश कमी करायला आत एक करडी काच आडवी येते आणि कॅमेरा दोनच एफ-आकडे दाखवतो. क्षेत्रखोली (फोटोत पुढे-मागे किती भाग स्पष्ट येतो ते) शिकायची असेल तर ‘ए’ किंवा ‘एव्ही’ मोड असलेला आणि त्यात एफ-आकडा टप्प्याटप्प्याने बदलू देणारा कॅमेराच घ्या. रॉ फाइलही (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) हवीच. आज तुम्ही वापरणार नसलात तरी दोन वर्षांनी लागेल, आणि जेपेगमध्ये जळलेलं आभाळ तेव्हा परत आणता येणार नाही.

यंत्रणेच्या टिकाऊपणाची उतरंड

नळी जितकी लांब आणि टप्पे जितके जास्त, तितक्या बिघडायच्या जागा जास्त. टिकाऊपणात वरपासून खाली क्रम लावला तर तो असा लागतो.

सर्वांत वर बाहेर काहीच न येणाऱ्या लेन्सचे कॅमेरे. ऑलिम्पस टीजी मालिकेसारख्या जलरोधक कॅमेऱ्यांत सगळा झूम शरीराच्या आतच सरकतो आणि पुढे जाड काच असते. टीजी-६ हा १५ मीटर पाण्यात आणि २.१ मीटर उंचीवरून पडण्यासाठी बनवलेला आहे. बदल्यात सेन्सर १/२.३ इंचाचा, आणि शटरचा वेग स्वतः ठरवायची सोय नाही. पावसात, समुद्रात, डोंगरात जाणाऱ्याने हा तोटा खुशाल पत्करावा. मात्र जलरोधकपणा दारांच्या रबरी कड्यावर अवलंबून असतो. दार बंद करण्यापूर्वी कड्यावर केस, धागा किंवा वाळूचा कण नाही ना, हे दर वेळी बघावं लागतं. समुद्राच्या पाण्यानंतर कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून धुवावा, नाहीतर मीठ बटणांत सुकून बसतं. आणि कडं जुनं होतं, साधारण वर्षातून एकदा बदलून घ्यावं. ‘वॉटरप्रूफ होता तरी पाणी शिरलं’ या तक्रारीमागे सहसा दार नीट न लागणं किंवा वाळलेलं रबर असतं.

त्याखाली झूम नसलेले स्थिर केंद्रांतराचे कॅमेरे. त्यांत सरकणारे भाग कमी असतात, पण ज्यांची लेन्स थोडी का होईना बाहेर येते त्यांना धुळीचा त्रास आहेच. नळी बाहेर येताना हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर खिशातला कापसाचा भुगाही. लेन्स निघत नसल्यामुळे सेन्सरवर बसलेली धूळ घरी पुसता येत नाही. कॅमेरा उघडावाच लागतो.

मग येतात एक इंची सेन्सरचे ३ ते ४ पट झूमचे कॅमेरे, जे बहुतेक हौशी लोकांसाठी योग्य मध्यबिंदू आहेत. आणि तळाशी २० ते ४० पट झूमचे पातळ, प्रवासी कॅमेरे. ते वाईट नसतात, पण त्यांची नळी सर्वांत लांब, सर्वांत नाजूक. असा कॅमेरा घ्यायचाच तर कडक कव्हर त्याच दिवशी घ्या.

एक गोष्ट तपशिलात आवर्जून शोधावी: चालू करायचं बटण कुठे आणि कसं आहे. पृष्ठभागातून वर आलेलं, हलक्या दाबाने चालणारं बटण पिशवीत आपोआप दाबलं जातं. लेन्स बाहेर यायला धडपडते, कव्हर तिला अडवतं, मोटर जोर लावते आणि दाते उडतात. खोलगट बसवलेलं किंवा सरकवायचं बटण असेल तर हा धोका बराच कमी होतो.

बॅटरी, चार्जिंग आणि कार्ड

कंपनी किती फोटोंचा आकडा देते तो सीपा या जपानी संघटनेच्या पद्धतीने मोजलेला असतो: २३ अंश सेल्सिअसला, दर ३० सेकंदांनी एक फोटो, निम्म्या फोटोंना फ्लॅश, आणि दर दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद-चालू. रिको जीआर ३ चा हा आकडा साधारण २००, कॅनन जी७ एक्स मार्क ३ चा २३५, सोनी आरएक्स१०० च्या सातव्या मॉडेलचा २६०. तुम्ही फ्लॅश वापरला नाही आणि भराभर फोटो काढले तर जास्त निघतील. स्क्रीनवर फोटो बघत बसलात, व्हिडिओ काढला किंवा थंडी असली तर निम्म्यावर येतील. थोडक्यात, कॉम्पॅक्टबरोबर दुसरी बॅटरी धरूनच हिशेब करावा.

त्यापेक्षा मोठा प्रश्न पाच वर्षांनी पडतो: ही बॅटरी तेव्हा मिळेल का? एकच बॅटरी अनेक मॉडेलांत, अनेक वर्षं चालू राहिलेली असेल तर तो मोठा आधार असतो. आरएक्स१०० च्या २०१२ मधल्या पहिल्या मॉडेलपासून २०१९ च्या सातव्यापर्यंत एनपी-बीएक्स१ हीच बॅटरी आहे. कॅननची एनबी-१३एल अशीच बऱ्याच मॉडेलांना चालते. एकाच मॉडेलपुरती बनवलेली बॅटरी असेल तर तो कॅमेरा कितीही आवडला तरी पुन्हा विचार करा. अनोळखी बनावटीच्या बॅटऱ्यांत मुख्य धोका फुगण्याचा. फुगलेली बॅटरी खाचेत अडकते आणि ती ओढून काढताना दाराची खिटी तुटते. खिटी तुटली की दार बंद राहत नाही आणि बरेच कॅमेरे दार उघडं असताना चालूच होत नाहीत.

चार्जिंग यूएसबी-सीने होतं का, बाहेरचा चार्जर मिळतो का, दोन्ही विचारा. फक्त कॅमेऱ्यातच चार्ज होणारी बॅटरी असेल तर चार्जिंगचं तोंड सैल झालं की सगळा कॅमेरा अडून बसतो.

कार्ड ३२ किंवा ६४ जीबीची दोन घ्या, एकच मोठं नको. ४के व्हिडिओसाठी कार्डवर व्ही३० किंवा यू३ अशी खूण हवी. त्याचा अर्थ लिहिण्याचा वेग सेकंदाला किमान ३० एमबी. बनावट कार्डं वरून हुबेहूब खऱ्यासारखी दिसतात पण छापलेल्यापेक्षा खूप कमी जागेची असतात, आणि भरत आली की जुन्या फोटोंवर नवे लिहू लागतात. नवं कार्ड आणल्यावर ते एकदा काठोकाठ भरा, सगळ्या फाइली संगणकावर उघडतात का बघा, मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

हातात घेऊन करायच्या चाचण्या

स्वतःचं कार्ड बरोबर न्या आणि अर्धा तास हाताशी ठेवा. नवा कॅमेरा असो की वापरलेला, पुढच्या चाचण्या दोघांनाही लागू. ऑनलाइन मागवलेल्या कॅमेऱ्यावर त्या परत करायच्या मुदतीत, पहिल्याच दिवशी करा.

१. कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा आणि कानाशी धरून ऐका. आवाज दर वेळी सारखा, सलग हवा. मध्ये कटकट, अडखळणं किंवा लेन्स एका बाजूला किंचित तिरकी दिसणं, यापैकी काहीही असेल तर तो नग ठेवून द्या. लेन्ससमोरची झडपेची पाती पूर्ण उघडतात-मिटतात ना, तेही बघा.

२. झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्या. स्क्रीनच्या मध्यभागी एखादी खूण धरा. झूम होताना ती थोडी सरकली तर चालतं, झटका देऊन उडाली तर नाही.

३. भिंतीवर वर्तमानपत्राची चार-सहा पानं सपाट चिकटवा किंवा बारीक छपाईचं मोठं पोस्टर शोधा. कॅमेरा भिंतीला समांतर, टेबलावर टेकवून, कमीत कमी आयएसओ, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, २ सेकंदांचा टायमर. रुंद टोक, मध्य आणि लांब टोक असे तीन फोटो घ्या आणि शंभर टक्के मोठे करून चारही कोपरे वाचा. चारही कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ असणं साहजिक आहे. एक कोपरा समोरच्या कोपऱ्यापेक्षा स्पष्टपणे पुसट असेल तर लेन्समधलं एखादं भिंग तिरकं बसलंय. आपणच कॅमेरा वाकडा धरला असं वाटलं तर तो उलटा करून पुन्हा फोटो घ्या: पुसटपणा फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर दोष लेन्सचा, भिंतीच्या त्याच जागी राहिला तर मांडणीचा. ही एक चाचणी बाकी सगळ्यांइतकी मोलाची आहे, कारण हा दोष नव्याकोऱ्या नगांतही सापडतो आणि मुदत संपल्यावर ‘एवढं चालतंच’ असं उत्तर मिळतं.

४. धुळीसाठी: अ‍ॅपर्चर जास्तीत जास्त बंद करा (एफ/८, एफ/११ किंवा त्यापुढे), झूम लांब टोकाला न्या, निरभ्र आभाळ किंवा पांढरी स्क्रीन फोकसबाहेर ठेवून फोटो घ्या. गोल, करडे, पुसट डाग दोन-तीन फोटोंत त्याच जागी दिसले तर ती सेन्सरवरची धूळ.

५. पिक्सेलसाठी: लेन्सवर हात झाकून आयएसओ १००, १/६० सेकंदाचा फोटो. काळ्या चित्रात लाल, निळा किंवा पांढरा ठळक ठिपका असेल तर तो प्रत्येक फोटोत येणार. जास्त आयएसओ आणि लांब एक्स्पोजरला काही ठिपके दिसणं स्वाभाविक आहे, त्यावरून नग नाकारू नका.

६. कमी उजेडाच्या कोपऱ्यात बटण दहा वेळा अर्धं दाबा. किती वेळा हिरवी चौकट आली आणि फोटो खरंच तीक्ष्ण आहे, हे मोजा. दहापैकी आठ-नऊ हवेत. मुलांचे, प्राण्यांचे फोटो हवे असतील तर माहितीपत्रात फेज डिटेक्शन फोकस (किती आणि कुठल्या बाजूला सरकायचं ते थेट ओळखणारा) आहे का बघा. केवळ कॉन्ट्रास्टवर चालणारा फोकस पुढे-मागे हेलकावे घेत नेम शोधतो आणि तेवढ्यात मूल निघून जातं.

७. लांब टोकाला झूम करून १/१५ सेकंदाने हातात धरून दहा फोटो घ्या, स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) चालू ठेवून आणि मग बंद करून. चालू असताना स्पष्ट फोटोंची संख्या वाढली नाही किंवा चित्र एका दिशेला ताणलं गेलं, तर ते सरकतं भिंग किंवा त्याची केबल बिघडलेली आहे.

८. फ्लॅशचे पाच फोटो सलग, मग दोन मिनिटांचा व्हिडिओ, आवाजासकट. शेवटी प्रत्येक बटण आणि चकती. चकती एक खट पुढे फिरवल्यावर आकडा मागे उडी मारत असेल तर आतले संपर्क झिजलेत किंवा मळलेत.

याखेरीज कॅमेरा एका हाताने धरून बघा. करंगळी हवेत राहते का, अंगठा नकळत एखाद्या बटणावर पडतो का, उन्हात स्क्रीन वाचता येते का. उन्हात काम जास्त असेल तर डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असलेलं मॉडेल शोधा.

वापरलेला किंवा जुना कॅमेरा

वरच्या चाचण्यांशिवाय काही गोष्टी फक्त जुन्यात बघायच्या असतात. नळीच्या कडेने रंग घासला गेलाय का, शरीराच्या कोपऱ्यांवर ठोकर बसलीय का, स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या आहेत का. कुरतडलेली खाच म्हणजे कोणीतरी तो उघडून बघितलेला आहे. बॅटरीच्या खाचेतले संपर्क पिवळे-चकचकीत हवेत, हिरवट असतील तर ओल शिरली होती. मोबाईलचा टॉर्च लेन्सवर तिरपा धरा: दोन-चार धूलिकण बिनमहत्त्वाचे, पण कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या शिरा म्हणजे बुरशी, आणि कॉम्पॅक्टमध्ये ती साफ करणं परवडत नाही. बॅटरी दहा मिनिटं काढून परत घाला. तारीख पुसली गेली तर आतला घड्याळाचा छोटा सेल संपलाय. त्याने फोटो अडत नाहीत, फक्त दर वेळी तारीख भरावी लागेल. फाइलच्या क्रमांकावरून किती फोटो काढले गेलेत ते ठरवू नका, तो शून्यावर आणता येतो.

२००० च्या दशकातले सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचे कॅमेरे त्यांच्या रंगांसाठी पुन्हा मागितले जाऊ लागलेत. त्यांत आधी कार्ड बघा. एक्सडी कार्डं आता बनत नाहीत आणि मेमरी स्टिकही सहज मिळत नाहीत. २००६ पूर्वीचे बरेच एसडी कॅमेरे फक्त २ जीबीपर्यंतचं जुनं एसडी कार्ड ओळखतात. एसडीएचसी (त्यानंतर आलेलं, जास्त क्षमतेचं एसडी कार्ड) घातलं तर ‘कार्ड एरर’ येते, आणि तो कॅमेऱ्याचा बिघाड नसतो. दुसरी गोष्ट सेन्सरची. २००५ साली असं उघड झालं की अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेल्या काही सीसीडी सेन्सरमधली अंतर्गत जोडणी उष्ण, दमट हवेत निसटते. चित्र जांभळट, वेडंवाकडं किंवा पूर्ण काळं येतं. त्या वेळच्या मोफत दुरुस्तीच्या योजना केव्हाच संपल्या. तेव्हा त्या काळातला नग घेताना तो प्रत्यक्ष चालू करून, अर्धा तास तापू देऊन चित्र बघितल्याशिवाय घेऊ नका. पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर साध्या अल्कलाइन सेलऐवजी रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घाला. अल्कलाइन सेल फ्लॅशच्या झटक्याला दमतात आणि कॅमेरा उगाच ‘बॅटरी संपली’ म्हणतो.

पहिले दोन आठवडे आणि पुढे

नवा कॅमेरा कपाटात जपून ठेवण्यापेक्षा परत करायच्या मुदतीत त्याला राबवा: पाचशे फोटो, बॅटरीची चार-पाच पूर्ण चक्रं, सगळे मोड. कारखान्यातला दोष असेल तर तो बऱ्याचदा सुरुवातीलाच डोकं वर काढतो. फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) पूर्ण भरलेल्या बॅटरीवर अद्ययावत करा. बिल आणि सिरियल क्रमांकाचा फोटो काढून ठेवा, कारण क्रमांकाचा चिकटकागद घामाने पुसला जातो.

आणि कधीतरी स्क्रीनवर ‘लेन्स एरर’ आलीच, तर नळी हाताने ओढू, पिळू किंवा ढकलू नका. मार्गदर्शक पिना खोबणीतून निसटल्या की पुढे लेन्सचा अख्खा भागच बदलावा लागतो, आणि तो खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जातो. बॅटरी आणि कार्ड काढा, दहा मिनिटं थांबा. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घाला, कारण अर्धमेल्या बॅटरीवर मोटरला जोर मिळत नाही आणि तेवढ्यानेही ही सूचना येते. लेन्स खाली धरून नळ्यांच्या फटींत रबरी ब्लोअरने हवा मारा, मग तशीच खाली धरून चालू करा. दोन-तीन प्रयत्नांत सुटली नाही तर थांबा. तेल किंवा कसलाही स्प्रे घालू नका, तो पसरून भिंगावर आणि शटरच्या पात्यांवर जातो. सुटली, तर त्या दिवशीच ती पुन्हा पन्नास वेळा चालवून बघा. परत अडखळली तर वॉरंटी असेपर्यंत दुरुस्तीला द्या.

बरेच दिवस वापरायचा नसेल तर बॅटरी निम्मी भरलेली काढून वेगळी ठेवा आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली की बुरशी धरत नाही. चामड्याच्या किंवा कापडी कव्हरमध्ये ठेवला तर ते कव्हरच ओल धरतं. महिन्यातून एकदा बाहेर काढून झूम दोन्ही टोकांपर्यंत चार-पाच वेळा चालवा, म्हणजे नळ्यांतलं ग्रीस एका जागी घट्ट होऊन बसत नाही.